एसएमबी १ बंद करायचंय? आधी महिनाभर नुसतं ऐका

एसएमबी १, म्हणजे विंडोजमध्ये नेटवर्कवरून फाइल आणि प्रिंटर वापरायच्या भाषेची सगळ्यात जुनी आवृत्ती, बंद करायला दोन मिनिटं लागतात. विंडोज फीचर्सच्या यादीत जायचं, एका चौकटीतली खूण काढायची, मशीन रीस्टार्ट करायचं. पहिल्यांदा मी हे असंच केलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी, सगळे घरी गेल्यावर. शनिवार-रविवार मोठ्या समाधानात गेला. सोमवारी साडेनऊला पहिला फोन आला, "स्कॅन केलेलं फोल्डरमध्ये येत नाहीये." दहाला दुसरा, हिशेबाच्या मशीनवर वाय ड्राइव्हवर लाल फुली. साडेदहाला एका सहकाऱ्याने मला न विचारता सर्व्हरवर ती खूण परत लावून टाकली. सगळं सुरळीत झालं, आणि पुढे वर्षभर त्या चौकटीला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. माझीही नाही.

दुसऱ्या वेळी काम नीट झालं, कारण तेव्हा बंद करण्याची घाई केली नाही. अजून एसएमबी १ मध्ये कोण बोलतंय हे आधी शोधलं. खरं काम तेच आहे. ज्यांच्या गळ्यात नुकतंच हे काम पडलंय त्यांच्यासाठी हा लेख आहे. काही विंडोज मशीन, एखादा फाइल सर्व्हर, एखादा सांबा (लिनक्ससारख्या मशीनवरून एसएमबी शेअर देणारं सॉफ्टवेअर) किंवा नॅस (नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी) आणि कोपऱ्यात एक मल्टिफंक्शन प्रिंटर, असं नेटवर्क मी डोळ्यांसमोर धरलंय.

एक सूचना: आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टंकताना अर्थातच त्या रोमन अक्षरांत टंकायच्या.

सुरुवात करण्याआधी हाताशी काय हवं

- फाइल सर्व्हरवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर हक्क, आणि निदान दोन-तीन क्लायंट मशीनवरही (क्लायंट म्हणजे सर्व्हरवरचे शेअर वापरणारं मशीन)
- डीएचसीपीच्या नोंदी, म्हणजे कोणता आयपी पत्ता कोणत्या यंत्राला दिला ते
- प्रिंटर, स्कॅनर, नॅस यांच्या वेब पॅनेलचे पासवर्ड (हे शोधण्यातच एक दिवस जातो, आजच सुरू करा)
- वायरशार्क किंवा टीसीपीडम्प (नेटवर्कवरची पाकिटं उघडून बघायला), आणि एनमॅप (नेटवर्कवरची यंत्रं तपासायला)
- एक स्प्रेडशीट: आयपी पत्ता, यंत्र, कुणाच्या ताब्यात, शेवटचं कधी दिसलं, उपाय
- वरिष्ठांचा लेखी होकार. दोन ओळींचा ईमेल पुरे, पण हवाच. सोमवारी साडेनऊला त्याचं मोल कळतं.

## १. जातंय ते नक्की काय?

एसएमबी म्हणजे नेटवर्कवरून फाइल आणि प्रिंटर वापरायची भाषा. तिचं मूळ १९८० च्या दशकातल्या आयबीएममध्ये आहे. पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढवली आणि १९९० च्या दशकात तिला सीआयएफएस असं नाव दिलं. आज ज्याला आपण एसएमबी १ म्हणतो ते हेच घराणं. विंडोज व्हिस्टाबरोबर एसएमबी २ आलं, विंडोज ७ बरोबर २.१, विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ बरोबर ३.०, आणि विंडोज १० बरोबर ३.१.१. विंडोज एक्सपी आणि सर्व्हर २००३ यांना मात्र एसएमबी १ सोडून दुसरं काही येतच नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

२ आणि ३ हे एकाच घरातले. विंडोजमध्ये ३ साठी वेगळा स्विच नाही. एसएमबी २ बंद केलं की ३ ही बंद होतं. "जुनं सगळंच काढू या" म्हणत १ आणि २ दोन्ही बंद करणारे नवखे मी पाहिलेत. त्यानंतर मशीन पार मुकं होतं.

१ मध्ये वाईट काय, हे वरिष्ठ विचारणारच. त्यांना तारखा सांगा. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने एमएस१७-०१० हा पॅच दिला. त्याच भोकातून आत शिरणारं इटर्नलब्लू नावाचं हत्यार एप्रिलमध्ये जगजाहीर झालं. १२ मे ला वॉनाक्राय पसरला. पॅच येऊन दोन महिने होत आले होते, तरी पसरला. यावर "पण आपण तर पॅच लावलाय" असं उत्तर येतं. पॅचने ते एक भोक बुजलं. एसएमबी १ मध्ये एन्क्रिप्शन नाही ते नाहीच. ती सोय ३.० मध्ये आली. बोलणी सुरू होताना मध्येच कुणी ढवळाढवळ केली का, हे पडताळणारी सोयही ३.० मध्येच आली, आणि ३.१.१ मध्ये ती पक्की झाली. आणि क्लायंटवर १ चालू असेल, तर मध्ये बसलेला हल्लेखोर "मला नवीन काही येत नाही, जुन्यातच बोल" असं सांगून त्याला खाली उतरवू शकतो. म्हणून फक्त सर्व्हरवर बंद करून भागत नाही.

## २. आजची स्थिती बघा

सर्व्हरवर पॉवरशेल (विंडोजला आज्ञा टंकून द्यायची खिडकी) अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि गेट-एसएमबीसर्व्हरकॉन्फिगरेशन चालवा. लांबलचक यादी येईल. तिच्यातल्या दोनच ओळी बघायच्या: एनेबलएसएमबी१प्रोटोकॉल आणि एनेबलएसएमबी२प्रोटोकॉल.

पहिली ट्रू असणार, म्हणून तर तुम्ही इथे आहात. पण दुसरी फॉल्स निघाली तर थांबा. हा सापळा मला स्वतःला भेटलाय. डीबीएफसारख्या फाइलवर चालणारं जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरात असेल, तर कधीतरी कुणीतरी "फाइल करप्ट होतात" या तक्रारीवर उपाय म्हणून रजिस्ट्रीत एसएमबी २ बंद करून ठेवलेलं असतं. तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो, नोंद कुठेच नसते. अशा सर्व्हरवर १ काढलंत तर काहीच उरत नाही. तिथे आधी २ चालू करा आणि ते सॉफ्टवेअर एका मशीनवरून नीट तपासा. त्रास पुन्हा झालाच, तर बहुधा तो क्लायंटने फाइल स्वतःजवळ साठवून ठेवण्यातून येतो. त्यासाठी लीजिंग बंद करायची सोय त्याच सर्व्हर कॉन्फिगरेशनमध्ये आहे. अख्खी भाषा बदलायची गरज नाही.

सांबा असेल तर टेस्टपार्म ला व्ही हा पर्याय देऊन चालवा आणि त्यातल्या प्रोटोकॉल शब्द असलेल्या ओळी शोधा. सप्टेंबर २०१९ मध्ये आलेल्या सांबा ४.११ पासून किमान पातळी मुळातच एसएमबी २ आहे. पण कॉन्फिग फाइल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर अशी पिढ्यान्‌पिढ्या कॉपी होत आलेली असते, आणि तिच्यात कुणीतरी लिहिलेली "मॅक्स प्रोटोकॉल एनटी१" किंवा "मिन प्रोटोकॉल एनटी१" ही ओळ तशीच असते. सांबाच्या बोलीत एनटी१ म्हणजे एसएमबी १.

## ३. ऑडिट लावा आणि गप्प बसा

इथे घाई करू नका. सर्व्हरवर ही आज्ञा द्या:

सेट-एसएमबीसर्व्हरकॉन्फिगरेशन -ऑडिटएसएमबी१अ‍ॅक्सेस $ट्रू

याने काहीही बंद होत नाही आणि रीस्टार्टही लागत नाही. कुणी एसएमबी १ ने आलं की नोंद पडते, एवढंच. नोंद बघायला इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, एसएमबीसर्व्हर, ऑडिट असं आत जायचं. इव्हेंट क्रमांक ३०००. तिथेच लॉगचं कमाल आकारमानही वाढवून ठेवा. एखादा बडबड्या स्कॅनर दर मिनिटाला दार ठोठावतो, आणि त्याच्या नोंदींच्या ढिगाऱ्यात बाकीच्यांच्या जुन्या नोंदी पुसल्या जातात.

३००० ची नोंद उघडलीत की पहिल्यांदा निराशा होईल. तिच्यात फक्त क्लायंटचा पत्ता असतो. मशीनचं नाव नाही, युझर नाही. म्हणून डीएचसीपीच्या नोंदी हव्यात, आणि ही जोडणी त्याच दिवशी करायला हवी. आठवड्याने बघाल तर तोच पत्ता भलत्याच लॅपटॉपला गेलेला असतो आणि तुम्ही निरपराध माणसाच्या टेबलापाशी जाऊन उभे राहता. पत्ता डीएचसीपीत नसेल, तर कुणीतरी हाताने दिलेला आहे. मग एआरपी तक्त्यातून (कोणता आयपी कोणत्या नेटवर्क कार्डाचा, त्याची यादी) मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा स्वतःचा क्रमांक, काढा. त्याच्या पहिल्या तीन जोड्यांवरून नेटवर्क कार्ड बनवणारी कंपनी कळते. ती प्रिंटरवाली निघाली की अर्धा शोध संपला.

किती दिवस ऐकायचं? या दुसऱ्या वेळीही मी सुरुवातीला एकच आठवडा ठरवला होता. तीन यंत्रं सापडली, स्प्रेडशीट सुंदर दिसत होती. सुदैवाने दुसऱ्या कामांच्या रगाड्यात पुढचं पाऊल लांबलं, आणि पुढच्या महिन्याच्या १ तारखेला पहाटे चौथा पत्ता उगवला. महिन्यातून एकदाच चालणारा, आधीच्या महिन्याचे अहवाल उचलून नेणारा एक शेड्यूल्ड टास्क. तो एका अशा मशीनवर होता की त्याचा मॉनिटरसुद्धा कुणी काढून नेला होता. म्हणून कमीत कमी एक पूर्ण महिना, महिनाअखेर आणि १ तारीख धरून. तिमाहीची कामं चालत असतील तर तिमाही.

ऑडिट फक्त आत येणाऱ्यांची नोंद करतं. तुमची मशीन बाहेर, म्हणजे जुन्या नॅसकडे, १ मध्ये बोलत असतील तर सर्व्हरला ते कळत नाही. त्यासाठी क्लायंटवर आधी तो शेअर उघडा, मग पॉवरशेल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून गेट-एसएमबीकनेक्शन चालवा. डायलेक्ट (प्रत्यक्ष ठरलेली आवृत्ती) या रकान्यात ३.१.१ किंवा ३.०.२ दिसलं तर उत्तम. १.५ दिसलं तर ते एसएमबी १. नवखा माणूस १.५ बघून "म्हणजे १ च्या पुढचं काहीतरी" समजतो, तसं नाही. सर्व्हरच्या बाजूने हेच बघायला गेट-एसएमबीसेशन, आणि सांबावर एसएमबीस्टेटस.

एनमॅपची एसएमबी-प्रोटोकॉल्स ही स्क्रिप्ट ४४५ या एसएमबीच्या पोर्टवर चालवली की कोणतं यंत्र कोणत्या भाषा *देऊ करतं* ते कळतं. देऊ करणं आणि प्रत्यक्ष वापरणं यात फरक आहे, पण जी यंत्रं माहीतच नव्हती ती यातून बाहेर पडतात. स्कॅन चालवण्याआधी नेटवर्क बघणाऱ्यांना सांगा, नाहीतर तुमच्याच मशीनला हल्लेखोर समजून बाहेर काढतील.

### वायरशार्कमध्ये फसू नका

पाकीट उघडून बघणाऱ्यांसाठी एक खूण. एसएमबी १ च्या मजकुराची सुरुवात एफएफ या बाइटने होते आणि पुढे एस, एम, बी ही अक्षरं असतात. २ आणि ३ ची सुरुवात एफई ने. फिल्टरमध्ये नुसतं एसएमबी लिहिलं की १ दिसतं, एसएमबी२ लिहिलं की २ आणि ३ दोन्ही.

पण एक एफएफ दिसलं म्हणजे चोर सापडला असं नाही. ज्या क्लायंटवर १ चालू आहे तो पहिली विचारणा बरेचदा जुन्या वेष्टनातूनच पाठवतो, आणि आत भाषांच्या यादीत "एसएमबी २" असंही लिहितो. समोरचा २ निवडतो आणि पुढचं सगळं संभाषण एफई मध्ये होतं. म्हणून पहिलं पाकीट सोडा, त्याच्या पुढची बघा. लॉगिन आणि फाइल उघडणंही एफएफ मध्येच चाललं असेल तर मात्र नाव यादीत टाका.

## ४. यादीतल्या एकेकाचा निकाल लावा

महिना संपला की हातात पाच-दहा नावं असतात. त्यांच्यात साधारण चार जाती निघतात.

स्कॅनर आणि मल्टिफंक्शन प्रिंटर. सगळ्यात जास्त डोकं हेच खातात. कागद ठेवला, बटण दाबलं, पीडीएफ फोल्डरमध्ये, ही सोय लोकांच्या हाडीमाशी मुरलेली असते. आधी फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या पोटातलं सॉफ्टवेअर, बघा. पुष्कळ यंत्रांना नव्या फर्मवेअरमध्ये एसएमबी २ किंवा ३ मिळालंय, फक्त कुणी अपडेट केलेलं नसतं. अपडेटनंतर वेब पॅनेलमध्ये जाऊन प्रोटोकॉलची आवृत्ती हाताने निवडावी लागू शकते. आमच्या एका यंत्रात ती सेटिंग "नेटवर्क" मध्ये नव्हती, "सुरक्षा" मध्येही नव्हती. "क्लायंट" नावाच्या एका उपपानावर होती. सापडेपर्यंत दुपार गेली. फर्मवेअर नसेल तर ईमेलवर स्कॅन, एसएफटीपी किंवा पेन ड्राइव्ह. साधं एफटीपी मी शेवटचा पर्याय म्हणून ठेवते. त्यात पासवर्ड उघडा जातो, आणि एक भोक बुजवून शेजारी दुसरं पाडण्यात हशील नाही.

इथेच आणखी एक गोष्ट. स्कॅनर एसएमबी २ बोलायला लागला तरी लॉगिन होत नसेल, तर तो जुन्या पद्धतीने, एनटीएलएमच्या पहिल्या आवृत्तीने, ओळख पटवायचा प्रयत्न करत असेल. सर्व्हर ते नाकारतो आणि पडद्यावर नुसतं "कनेक्शन एरर" येतं. एनटीएलएम व्ही२ अशी सेटिंग यंत्रात शोधा. आणि स्कॅनरसाठी वेगळं, फक्त त्या एका फोल्डरपुरता हक्क असलेलं खातं करा. कित्येक ठिकाणी स्कॅनरमध्ये चक्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड भरून ठेवलेला सापडतो.

नॅस. सेटिंगमध्ये किमान आणि कमाल असे दोन प्रोटोकॉल असतात. कमाल एसएमबी ३ करा, किमान एसएमबी २. ज्यात कमाल पातळी १ च्या वर जातच नाही आणि फर्मवेअरही येत नाही, त्यातला डेटा बाहेर काढा आणि तो निवृत्त करा. त्याची डागडुजी करण्यात वेळ घालवू नका. तितक्या जुन्या डिस्कचाही भरवसा नसतो.

लिनक्सवरचे माउंट, म्हणजे लिनक्स मशीनवर जोडून ठेवलेले शेअर. ते जिथे लिहिलेले असतात ती एफएसटॅब फाइल उघडा आणि "व्हर्स=१.०" शोधा. याची कथा बहुतेक ठिकाणी सारखीच असते. २०१७ मध्ये लिनक्स कर्नल ४.१३ ने न सांगता वापरायची आवृत्ती १.० वरून ३.० केली. कर्नल अपडेट झाल्यावर कुठलातरी माउंट पडला, कुणीतरी शोधून "व्हर्स=१.०" टाकलं, माउंट चालू झाला. पुढे समोरचा सर्व्हर बदलला, नवीन आला, पण ती ओळ तशीच राहिली. नव्वद टक्के वेळा ३.० लिहिलं की काम होतं, हा माझा अंदाज आहे, आकडेवारी नव्हे. बदलल्यावर सिमलिंक आणि फाइलचे परवाने तेवढे तपासा, कारण युनिक्सच्या या गोष्टी १ मध्ये वेगळ्या पद्धतीने जात असत.

एक्सपी बसवलेली यंत्रं. मापन उपकरण, कापणी यंत्र, प्रयोगशाळेतलं विश्लेषक. यंत्र उत्तम चालतं, पण त्याच्या पोटात एक्सपी आहे आणि ते बदलायचं तर अख्खं यंत्र बदलावं लागेल. इथे "सर्व्हरवर १ चालू ठेवू या, एकाच यंत्रासाठी तर आहे" हा मोह होतो. त्या एका यंत्रासाठी सर्व्हरचं दार सगळ्यांनाच उघडं राहतं. त्याऐवजी मध्ये एक मध्यस्थ ठेवा: सांबा चालणारं एक छोटं मशीन, दोन नेटवर्क कार्डांचं. एक तोंड फक्त त्या यंत्राकडे, आणि १ ची परवानगी फक्त त्याच बाजूला. दुसऱ्या तोंडाने हे मशीन स्वतःच एसएमबी ३ ने फाइल मुख्य सर्व्हरवर नेऊन ठेवतं. दोन बाजूंमध्ये राउटिंग नाही, आणि मध्यस्थावर दुसरं कुठलंही काम नाही.

## ५. "नेटवर्क" रिकामं दिसेल, त्याची आधीच सोय करा

एक्सप्लोररमध्ये नेटवर्क उघडलं की शेजारच्या मशीनची यादी दिसायची. ती जुनी यादी कॉम्प्युटर ब्राउझर नावाच्या सेवेची, आणि ती सेवा एसएमबी १ वर उभी. १ गेलं की यादी रिकामी. शेअर चालू असतात, फक्त दिसत नाहीत; पण लोकांच्या लेखी "सर्व्हर गेला".

दोन उपाय, दोन्ही करा. पहिला, सर्वांना शेअर ड्राइव्ह म्हणून जोडून द्या, म्हणजे यादी बघायची वेळच येत नाही. दुसरा, शेअर देणाऱ्या विंडोज मशीनवर फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट आणि फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन या सेवा ऑटोमॅटिक करा. नवी यादी डब्ल्यूएस-डिस्कव्हरीवर चालते. सांबाला ते स्वतःहून येत नाही. त्यासाठी डब्ल्यूएसडीडी नावाचा छोटा प्रोग्राम बसवावा लागतो. फायरवॉलमध्ये यूडीपी ३७०२ आणि टीसीपी ५३५७ उघडे हवेत.

"चला, हात लागलाच आहे तर नेटबायोसही (मशीनची नावं शोधायची जुनी पद्धत) बंद करू" असं त्याच दिवशी करू नका. ते वेगळं काम आहे. दोन्ही एकत्र केलंत आणि काही अडलं, तर कशामुळे अडलं ते कळायचं नाही.

## ६. आता बंद करा: आधी सर्व्हर, मग क्लायंट

मंगळवार किंवा बुधवार, सकाळची वेळ. शुक्रवार संध्याकाळ नको, का ते वर सांगितलंच आहे. तुम्ही जागेवर असताना तक्रार यावी.

पहिला टप्पा, सर्व्हरवर:

सेट-एसएमबीसर्व्हरकॉन्फिगरेशन -एनेबलएसएमबी१प्रोटोकॉल $फॉल्स

रीस्टार्ट लागत नाही, आणि फसलंच तर $ट्रू लिहून क्षणात परत. म्हणूनच फीचर काढण्याआधी हे करायचं. या स्थितीत पुन्हा एक महिनाअखेर जाऊ द्या.

दुसरा टप्पा, फीचरच काढणं:

डिसेबल-विंडोजऑप्शनलफीचर -ऑनलाइन -फीचरनेम एसएमबी१प्रोटोकॉल

याला रीस्टार्ट लागतो. याने क्लायंट आणि सर्व्हर असे दोन्ही भाग जातात. क्लायंट मशीनवरही हेच. आधी स्वतःचं मशीन, मग सांभाळून घेणारे दोन-तीन सहकारी, मग बाकीचे. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या मशीनवर सर्व्हर भाग मुळात नसतोच. पण जुन्या विंडोजवरून अपग्रेड होत आलेल्या मशीनवर तो मागून आलेला असू शकतो, त्यामुळे "आमच्याकडे सगळं नवीन आहे" यावर विसंबू नका. डोमेन असेल तर डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांची लॉगिन आणि पॉलिसी सांभाळणारा सर्व्हर, सगळ्यात शेवटी. एक्सपी मशीन डोमेनमध्ये जोडलेलं असेल, तर कंट्रोलरवरचं १ जाताच त्याला पॉलिसी वगैरे मिळणं थांबतं.

सांबावर कॉन्फिग फाइलमधल्या एनटी१ च्या ओळी काढून टाका. नव्या आवृत्तीत तेवढंच पुरतं. सांबा ४.११ च्या आधीचा असेल तर "सर्व्हर मिन प्रोटोकॉल एसएमबी२_०२" असं स्पष्ट लिहा. मग सेवा पुन्हा चालू करा.

## ७. बंद केल्यावरच्या तक्रारी: सगळ्या याच्या माथी मारू नका

पुढचे काही दिवस प्रिंटरमधला कागद संपला तरी "तुम्ही ते बंद केलंत ना, तेव्हापासून" असं ऐकाल. पडद्यावरचा संदेश नीट वाचायची सवय लावा.

- "या शेअरला कालबाह्य एसएमबी १ प्रोटोकॉल लागतो" अशा अर्थाचा संदेश आला तर ती खरी केस. ऑडिटमधून सुटलेलं यंत्र आहे. यादीत घाला, चौथ्या पायरीवर जा.
- "संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे गेस्ट प्रवेश बंद आहे" असा संदेश असेल तर याचा एसएमबी १ शी काही संबंध नाही. नॅसवर बिनपासवर्डाचा शेअर आहे आणि विंडोज तो नाकारतंय. एंटरप्राइझ आणि एज्युकेशनमध्ये हे १७०९ पासून आहे. विंडोज ११ प्रो मध्ये २४एच२ पासून आलं. नॅसवर खातं काढा, पासवर्ड द्या, संपलं.
- विंडोज ११ च्या २४एच२ नंतरच नॅस तुटला? प्रो, एंटरप्राइझ आणि एज्युकेशनमध्ये आता प्रत्येक पाकिटावर सही सक्तीची आहे. नॅसमध्ये एसएमबी साइनिंग चालू करा. गेस्टला इथेही थारा नाही, कारण सहीची किल्ली पासवर्डातूनच तयार होते आणि गेस्टकडे पासवर्डच नसतो.
- ०एक्स८००७००३५, नेटवर्क पाथ सापडत नाही. हा संदेश कशानेही येतो. आधी नावाऐवजी आयपी पत्त्याने शेअर उघडून बघा. उघडला तर नाव सापडत नाहीये. नाही उघडला तर ४४५ पोर्ट तपासा, आणि मगच प्रोटोकॉलकडे वळा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या तक्रारीवर इंटरनेटवर शोधलं की हमखास "एसएमबी १ चालू करा" असा सल्ला मिळतो. कधी त्याने काम झाल्यासारखंही वाटतं, कारण सोबत आणखी चार सेटिंग बदललेल्या असतात. तुमचा सहकारी हाच सल्ला वाचणार आहे. त्याच्याआधी तुम्ही पोहोचा.

## ८. मागच्या दाराने परत येऊ देऊ नका

कधी एखाद्या दिवसापुरतं चालू करावंच लागतं, उदाहरणार्थ जुन्या नॅसमधला डेटा काढायला. तेव्हा सर्व्हरला हात लावू नका. एका मशीनवर विंडोज फीचर्समध्ये एसएमबी १.० शेजारचा अधिक उघडा. आत तीन चौकटी असतात: ऑटोमॅटिक रिमूव्हल, क्लायंट, सर्व्हर. फक्त क्लायंट निवडा. घाईत सगळे वरच्या मोठ्या चौकटीवर टिचकी मारतात आणि तिन्ही लागतात. मग ते मशीन स्वतःच १ मध्ये शेअर द्यायला लागतं.

ऑटोमॅटिक रिमूव्हलची खूण असेल तर १५ दिवस वापर नसला की विंडोज ते स्वतःच काढून टाकतं. मशीन बंद असलेले दिवस यात धरत नाहीत. एकदाच्या कामाला ही सोय झकास. पण महिन्यातून एकदा लागणाऱ्या कामासाठी तुम्ही क्लायंट चालू ठेवला असेल, तर पुढच्या महिन्यात तो गायब असेल आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसाल.

सर्व्हरचं ऑडिट मी अजून चालू ठेवलंय, आणि दर महिन्याच्या २ तारखेला स्प्रेडशीट उघडते. सध्या तिच्यात एकच ओळ आहे. एक्सपीवालं मापन यंत्र, मध्यस्थाच्या पलीकडचं. "उपाय" या रकान्यात नवीन यंत्राच्या मागणीपत्राची तारीख आहे. मध्यस्थ मशीनवर मी एक कागद चिकटवलाय: हे कशासाठी आहे, कुणाला विचारायचं, आणि ते यंत्र गेलं की याचीही वायर काढा.